बेरिंगची गाडी आणि लाकडी सायकल

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू स्वित्झर्लंडला जाऊन आलास ना, तिकडच्या काही गमतीजमती सांग. दहा मिनिटं. रडवू नकोस आणि फोटो दाखवू नकोस." फोटो आणलेले नाहीत. बाकीच्या अटी कितपत पाळल्या जातील ते सांगता येत नाही.

आमची मुलगी आणि जावई बर्नला असतात. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं फेब्रुवारीत तिकडे गेलो. नाशिकच्या माणसाला थंडीचं काही वाटत नाही, असा माझा समज होता. निफाडचा पारा वर्तमानपत्रात वाचत आपण मोठे झालो. तिकडे उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी तो समज गेला आणि जावयाचा जुना कोट अंगावर आला.

एका रविवारी जावई म्हणाला, "बाबा, आज शर्यत बघायला जाऊ. वेलोगेमेलची." मला वाटलं घोड्याचं नाव असेल. कारण सेंट मॉरिट्झला गोठलेल्या तळ्यावर घोडे पळवतात हे मी वाचलं होतं. तिथली ती शर्यत 1907 पासून चालू आहे, आणि त्यात एक प्रकार असा की घोड्यावर स्वार नसतोच. स्वार मागे स्कीवर उभा आणि हातात लगाम. आपल्या भागातल्या जत्रांत घोडा आणि बैल एकाच गाडीला जुंपून पळवतात, ते पाहिलेल्याला त्याचं फार नवल वाटू नये.

पण हे घोड्याचं प्रकरण नव्हतं. इंटरलाकेनला गाडी बदलून आम्ही ग्रिंडेलवाल्डला पोचलो. इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे, सौ.ने तिथे फोटो काढून घेतला, त्यात अर्धा तास गेला. ग्रिंडेलवाल्ड म्हणजे आयगर पर्वताच्या पायथ्याचं गाव. आयगर 3,967 मीटर, आणि तो गावाच्या अगदी अंगावर आल्यासारखा उभा आहे. मान वर करून बघावं तर टोपी मागे पडते. गावातून बस वर बुसआल्प नावाच्या कुरणापर्यंत जाते. उन्हाळ्यात तिथे गाई चरतात, हिवाळ्यात सगळं पांढरं. उंची साधारण 1,800 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही वर. त्या बसमध्ये माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते आणि त्यांच्या गुडघ्यांमध्ये एक लाकडी सायकल होती.

सायकल म्हणजे काय, तर हँडल आहे, बसायला फळी आहे, सांगाडा आहे, पण चाकं नाहीत. चाकांच्या जागी पुढे एक आणि मागे एक अशा दोन लाकडी पट्ट्या, खालून लोखंडाची पट्टी मारलेल्या. पुढची पट्टी हँडलबरोबर वळते, मागची जागची हलत नाही. पायंडल नाही, साखळी नाही, ब्रेक नाही. उतारावर बसायचं आणि सुटायचं. थांबायचं तर दोन्ही पायांच्या टाचा बर्फात रोवायच्या. हाच वेलोगेमेल. स्विस लोक सायकलला वेलो म्हणतात, आणि गेमेल हा त्या गावच्या बोलीतला घसरगाडीचा शब्द. म्हणजे आपल्या भाषेत सायकलघसरी म्हणा हवं तर.

या वाहनाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तिथे 1996 पासून दरवर्षी होते. जागतिक हा शब्द ऐकून दबून जाऊ नका. ज्या वाहनाचा जन्म एका गावात झाला आणि जे त्या गावाबाहेर फारसं कुठे दिसत नाही, त्याच्या शर्यतीला जागतिक म्हणायला कोण अडवणार? आपणही शनि चौकातल्या रहाडीत उडी मारण्याची जागतिक स्पर्धा जाहीर करू शकतो, पहिले तीनही नंबर जुन्या नाशकातच राहतील.

आता शर्यत. मी धारदार काहीतरी बघायला मिळेल म्हणून गेलो होतो. प्रत्यक्षात उताराच्या कडेला गावजत्रा भरली होती. कुणी आजोबांच्या काळातली टोपी आणि लोकरी पाटलोण घालून आलेला, कुणी अगदी तयारीचा, हेल्मेट-चष्म्यासकट. बायका होत्या, पोरं होती, आमच्या बसमधले ते आजोबा होते. एक जण सुटला, वळणावर टाच रोवायला उशीर झाला आणि सरळ बर्फाच्या ढिगात. वाहन एकीकडे, तो एकीकडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो उठला, त्यानेही टाळ्या वाजवल्या, आणि पुन्हा बसून खाली गेला. ते आजोबा मात्र असे सफाईने गेले की मला आपले दूधवाले आठवले, दोन्ही बाजूंना कॅन लावून गर्दीतून सायकल काढणारे.

जावयाने तिथे उभ्याउभ्या माझं शिक्षण केलं. या आल्प्सच्या भागात असले प्रकार बरेच आहेत. बव्हेरियात पार्टेनकिर्शेन इथे 6 जानेवारीला चौघांनी बसायच्या मोठ्या शिंगांच्या घसरगाड्यांची शर्यत होते. त्या गाड्या मुळात डोंगरावरचं गवत आणि लाकूड खाली आणायच्या. ग्रिंडेलवाल्डपासून जवळच म्युरेन आहे, तिथली 'इन्फर्नो' नावाची स्कीची शर्यत 1928 पासूनची, आणि आदल्या रात्री सैतानाचा पुतळा जाळतात. आणि जर्मनीत तर 2003 मध्ये टीव्हीवरच्या श्टेफान राब या कार्यक्रमवाल्याने कढईत बसून घसरायची शर्यत काढली. होय, कढई. चिनी लोक भाजी परततात ती. बर्फाच्या नळीतून कढईत बसून. सौ. म्हणाली, आपली शेवेची कढई दिली असती तर चौघं मावले असते.

इथपर्यंत गंमत. संयोजकांची अट मी इथपर्यंत पाळली आहे.

परतताना गावात एका दुकानाबाहेर भाड्याने द्यायच्या वेलोगेमेलची रांग लावलेली होती. मी एकाचं हँडल धरून बघितलं. दुकानातला माणूस बाहेर आला आणि मोडक्या इंग्रजीत त्याची कथा सांगू लागला. हे वाहन 1911 साली याच गावच्या क्रिस्टियान ब्यूलमान नावाच्या माणसाने बनवलं. लाकूडकाम करणारा माणूस. त्याला चालायला अवघड जायचं. उन्हाळ्यात तो सायकलवरून हिंडायचा, पण बर्फ पडला की सायकल बंद आणि तोही घरात बंद. म्हणून त्याने स्वतःसाठी बर्फावरची सायकल केली. पुढे तीच टपालवाल्याने घेतली, डॉक्टरने घेतली, शाळेत जाणाऱ्या पोरांनी घेतली. ज्याचा पाय अधू, त्याच्या वाहनावर धडधाकट लोक बसायला लागले.

तो माणूस पुढेही बोलत होता, पण मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मी हँडल धरून तिथेच उभा राहिलो. मुलीला वाटलं बाबांना थंडी बाधली.

आता मला तुम्हाला आठवी ब मध्ये न्यायचं आहे. साल 1979, डिसेंबर. गॅदरिंगची तयारी चालू होती, म्हणजे तास होत नव्हते. आपलं गाव नऊ टेकांवर वसलेलं. त्या नऊ शिखरांवरून नाशिक हे नाव आलं असंही सांगतात. ते खरं असो नसो, उतारांची आपल्याला कधी कमी पडली नाही. जुन्या गढीकडून नदीकडे जाणाऱ्या उतारावर त्या वर्षी नवं डांबर पडलं होतं. बेरिंगच्या गाडीला दुसरं काय लागतं?

नव्या पिढीसाठी सांगतो. द्वारकेच्या बाजूला ट्रकची गॅरेजं. तिथून किंवा भंगारातून झिजलेली बॉल-बेरिंगं आणायची, रुपयाला दोन, ओळख असेल तर फुकट. एक फळी, पुढे-मागे एकेक आडवं लाकूड, लाकडाच्या टोकांना बेरिंगं ठोकलेली. मागचं लाकूड पक्कं, पुढचं एका बोल्टवर फिरतं. पुढच्या लाकडावर पाय ठेवून पायांनीच वळवायचं. थांबायची सोय चपलेची. आवाज असा की अख्खी आळी बाहेर यावी. वर्षातून चार-दोन गुडघे आणि एखादा दात हा त्याचा ठरलेला खर्च.

पुढे मोठेपणी मी शिवा केशवनचा व्हिडिओ बघितला. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा हा मुलगा ल्यूजमध्ये, म्हणजे बर्फाच्या नळीतून उताणं झोपून घसरायच्या खेळात, 1998 साली सोळाव्या वर्षी नागानोच्या ऑलिंपिकला गेला आणि पुढे एकंदर सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. आपल्याकडे बर्फाची नळी कुठली, म्हणून तो चाकं लावलेल्या गाडीवर हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर सराव करायचा, ट्रक आणि मेंढ्या चुकवत. ते बघताना मी टीव्हीसमोर ओरडलो होतो, अरे, ही तर आपली बेरिंगची गाडी!

तर त्या डिसेंबरात अ आणि ब तुकडीची शर्यत ठरली. अ कडे दोन गाड्या, ब कडे दोन. आमच्या दोनपैकी एक साधी होती. दुसरी आमच्या एका मित्राने केली होती. त्याचं नाव मी घेणार नाही. तो इथे बसलेला आहे, आणि नाव न घेण्याच्या अटीवर त्याने मला हे सांगायची परवानगी दिली आहे. तुम्ही सगळे ओळखालच, पण वळून बघू नका. वळलात ना? असू द्या.

त्याला लहानपणी पोलिओ झाला होता. डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. आपल्या पिढीत प्रत्येक शाळेत असा एखादा तरी मुलगा किंवा मुलगी असायचीच. पल्स पोलिओ 1995 मध्ये आलं, आणि 2014 साली भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा आपली मुलंसुद्धा मोठी झालेली होती. त्याच्या वडिलांचं सुतारकाम होतं. त्यामुळे रंधा आणि पटाशी त्याच्या हातात आपल्या हातात पेन्सिल येण्याआधी आली असणार.

त्याने केलेली गाडी वेगळी होती. पाय ठेवायला पुढचं लाकूड नव्हतं. एक उभा दांडा आणि त्याला आडवी मूठ, म्हणजे हातांनी वळवायची. आणि उजव्या हाताला एक लाकडी तरफ, तिच्या खालच्या टोकाला ट्रकच्या टायरचा तुकडा खिळ्यांनी मारलेला. ओढली की रबर डांबरावर घासून गाडी थांबणार. आम्ही त्याला खूप हसलो. "गाडीला कशाला ब्रेक? म्हातारीची गाडी आहे का?" तो काही बोलला नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "उद्या मी चालवतो."

आमच्या तुकडीचा चालक मी होतो. कुणी नेमलेला नव्हतो, पण होतो. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या पायाकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "सरांना विचारलं मी. सर नाही म्हणाले. तुला काही झालं तर शाळेवर येईल म्हणाले."

मी सरांना विचारलं नव्हतं. सरांना त्या शर्यतीचा पत्ताही नव्हता. पत्ता असता तर त्यांनी आम्हा सगळ्यांनाच फोडलं असतं.

तो "बरं" म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी जिंकलो. खालच्या वळणावर अ च्या दोन्ही गाड्या गटारीकडे गेल्या, आमची दुसरी गाडी एका म्हशीमुळे आधीच थांबली होती. मी मूठ वळवली, तरफ ओढली, वळण घेतलं आणि सरळ खाली. जन्मात पहिल्यांदा बेरिंगच्या गाडीवर वळण घेता आलं होतं. सगळ्यांनी मला खांद्यावर घेतलं. वर्गणीचे तीन रुपये जमले होते, त्यांची मिसळ खाल्ली. तो आला नाही. भूक नाही म्हणाला.

ग्रिंडेलवाल्डच्या त्या दुकानासमोर मला जे कळलं ते एवढंच की ती मूठ आणि ती तरफ कशासाठी होती. त्याला पायांनी गाडी वळवता येणार नव्हती आणि पायांनी थांबवता येणार नव्हती. त्याने ती गाडी तुकडीसाठी बनवलीच नव्हती. स्वतःसाठी बनवली होती. ज्या एका गोष्टीची आम्ही टिंगल केली, तिच्या जोरावर मी जिंकलो, आणि ज्या पायाचं निमित्त करून मी त्याला बाजूला केलं, त्या पायाची व्यवस्था त्याने आधीच करून ठेवली होती. हे समजायला मला चाळीस वर्षं आणि विमानाचं तिकीट लागलं. मी इंजिनीअर आहे, हे संयोजकांनी ओळख करून देताना सांगितलंच.

त्या रात्री बर्नहून मी त्याला फोन केला. इकडे पहाटेचे तीन वाजले होते, ते माझ्या लक्षात आलं नाही. त्याला वाटलं कुणीतरी गेलं. मी सगळं सांगितलं. सरांचं खोटं होतं, हेही सांगितलं. बराच वेळ तो बोलला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग त्याने विचारलं, "त्या वेलोगेमेलची पुढची पट्टी किती रुंद असते?"

मी म्हटलं, तीन-चार बोटं असेल.

"आणि ब्रेक?"

"ब्रेक नाही. पायांनीच थांबवायचं."

"मग त्याने अर्धंच काम केलं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. तेव्हा मात्र तो गाडीबद्दल बोलला नाही, सरांबद्दल बोलला. आणि ते मला ठाऊक नव्हतं. त्या प्रसंगानंतर त्याने सरांशी बोलणं टाकलं होतं. नववीत सरांनी त्याला बोलावून सांगितलं होतं की क्रीडास्पर्धांच्या सगळ्या नोंदी तू ठेव, घड्याळ तुझ्या हातात राहील, तुझ्यासारखं नेटकं काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही. त्याने तोंडावर नाही म्हटलं आणि निघून गेला. सरांना तो उद्धट वाटला असणार. दहावीच्या निरोपसमारंभात तो सरांच्या पाया पडायला गेला नाही. "मला वाटायचं, या माणसाने मला न बघताच नाही म्हटलं," तो म्हणाला. चाळीस वर्षं त्याने हे धरून ठेवलं, आणि धरून ठेवायला दिलं होतं मी.

सर, तुम्ही समोर बसला आहात. तुमचं वय आता शहाऐंशी. काल संध्याकाळी मी तुमच्या घरी येऊन हे सांगणार होतो, दारापर्यंत आलोही होतो. काकूंनी चहा दिला, तुम्ही माझ्या मुलीची चौकशी केलीत, आणि मी चहा पिऊन परत आलो. म्हणून इथे सांगतो आहे, सगळ्यांसमोर, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. त्या मुलाने तुम्हाला नाही म्हटलं ते उद्धटपणाने नव्हे. तुमच्या नावावर मी खोटं बोललो होतो. आठवी ब, डिसेंबर 1979. छडी आता तुमच्याकडे नसेल, पण मला उठाबशा अजून येतात. गुडघे सोडून.

(इथे थोडा वेळ गेला. सर उठून तिसऱ्या रांगेपर्यंत गेले. पुढचं भाषण त्यानंतरचं आहे.)

आता थोडक्यात आवरतो. संयोजक मघापासून घड्याळ दाखवत आहेत.

माफी मागितल्यावर त्याने मला एक अट घातली होती. ती सांगून खाली बसतो. गेल्या महिन्यात त्याने एक गाडी केली आहे. सागवानी फळी, नवी कोरी बेरिंगं, भंगारातली नाहीत. मूठ तशीच, तरफ तशीच, फक्त टायरचा तुकडा दोन्ही बाजूंना आहे. मी म्हटलं, आपण साठीला टेकलो, आता काय? तो म्हणाला, ब्रेक आहे ना.

गढीचा उतार आता उपयोगाचा नाही, तिथे दोन्ही बाजूंना मोटारसायकली लागलेल्या असतात. पण आपल्या शाळेत नव्या इमारतीला व्हीलचेअरसाठी रॅम्प केला आहे, तुम्ही येताना पाहिला असेल. खाली मैदान आहे, समोर भिंत नाही. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे. या वेळी खरोखर घेतली आहे, हवं तर विचारा.

चालवणार तो. ढकलणार मी. घड्याळ सरांच्या हातात. जेवणाची पंगत दहा मिनिटं उशिरा बसेल, तेवढं सांभाळून घ्या आणि सगळे आधी मैदानावर या.